धबधब्यापाशी सगळेच बहिरे

मामाजी,

काल आम्ही धबधब्यावर जाऊन आलो. विजय आणि मी, दोघंच. तुम्हाला जाऊन महिना उलटला, तेरवी झाली, दसराही झाला, आणि काल रविवारी सकाळी तुमचा मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "चल, जाऊन येऊ तिथं." तिथं म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. (तुमच्यासमोर मी कधी त्यांना नावानं हाक मारली नाही. पण लिहिताना नुसतं 'हे, हे' करत बसले तर गोंधळ होईल, म्हणून विजय म्हणते आणि तो म्हणते. रागावू नका.)

तिथं जे झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. पण एकदम त्यावर येता येत नाही. आधी मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुम्ही मध्येच उठून गेलात आणि आपली भांडणं अर्धवट राहिली.

पहिलं भांडण कानाच्या मशीनचं. विजयनं किती दुकानं फिरून ते आणलं होतं. तुम्ही ते अर्धा दिवस लावलंत आणि काढून सुपारीच्या डब्यात ठेवून दिलंत. वर मला म्हणालात, "मशीनमदून मले कुकर आयकू येते, नळ आयकू येते, शेजारच्या पोट्ट्यायची गाडी आयकू येते. मानूस तेवढा नाई आयकू येत." तुमच्या बोलण्याला मी तेव्हा हसले. आज नाही हसत. निदान विजय शेजारी येऊन बसायचा तेव्हा तरी ते लावायचं होतं. कारखान्यातून आल्यावर तो तुमच्या खाटेवर टेकायचा, मान खाली घालून खालच्या आवाजात काहीतरी बोलायचा. तुम्ही म्हणायचात, "काय?" तो पुन्हा बोलायचा. तुम्ही पुन्हा "काय?" मग तो म्हणायचा, "काही नाही, बाबा," आणि टीव्ही लावायचा. वर्षानुवर्षं मी स्वयंपाकघरातून हे पाहिलं. पोळ्या लाटता लाटता दोघांवरही चिडायचे. एकानं मशीन लावावं नाहीतर दुसऱ्यानं आवाज चढवावा, यातलं एक तरी करायला तुम्हाला काय झालं होतं, मला अजून कळलेलं नाही.

दुसरं भांडण धबधब्याच्या नावाचं. मी आमच्या शाळेतल्या बायकांना नाव सांगितलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात तिथं वेफर्सची पाकिटं आणि मोठे मोठे स्पीकर आले. चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी म्हणत होते, मामाजी, धबधबा काय आपल्या घरचा नळ आहे का. तुमचं म्हणणं, "ज्याले पाहाची गरज हाय तो शोधत जाते." पाहा, आज मी नाव लिहीत नाही. सावनेर सोडून सौंसरच्या पुढं गेलं की घाट लागतो आणि घाटात एका वळणावर खाली उतरायची वाट आहे, एवढंच लिहिते. या भांडणात तुम्ही जिंकलात.

आणि तिसरं. ते भांडण खरं तर तुमच्याशी नव्हतंच. ते शेवटी येईल.

मी कुहीकडची, धानाच्या गावातली. आमच्याकडे बायका हळू बोलतात. तुमच्या घरात आले तर सगळं घर ओरडत होतं. गिरणीत तीस-पस्तीस वर्षं माग चालवून तुमचे कान गेले होते, आणि तुमच्या कानांपायी, तुमच्याशी संसार करून करून, आत्याबाईंचा आवाज एवढा मोठा झाला होता की आमच्याकडे आज कोणती भाजी आहे हे अख्ख्या गल्लीला कळायचं. मला काही ओरडता येईना. नव्या सुनेनं सासऱ्यावर ओरडायचं तरी कसं? म्हणून मी तुमच्याशी बोलायचंच टाळलं. चहा समोर ठेवायचा आणि खाली मान घालून निघून जायचं. तुम्ही आत्याबाईंना सांगितलंत, "सुनबाई बहुत मिजासखोर हाय." तुम्हाला वाटलं, कानात सांगितलं. आपला आवाज किती मोठा आहे हे तुम्हाला कधीच कळलं नाही. मी स्वयंपाकघरात होते, गल्लीत दूधवाला होता, आम्ही दोघांनीही ऐकलं. मी रात्रभर रडले, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून टाकते.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते आणि त्यानंतरच्या रविवारी धबधबा, हा तुमच्या विणाई खात्याचा नेम. गिरणी बंद पडली तरी नेम मोडला नव्हता. मेटॅडोर भरून माणसं, बायका, पोरं, गोवऱ्यांची पोती, वांगी, तुपाचा डबा. खाली उतरून तुम्ही लोकांनी गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यात कणकेचे रोडगे घातले. बायकांनी वरणाची पातेली चढवली. आणि धबधबा असा कोसळत होता की शेजारी बसलेल्या बाईचं बोलणंही ऐकू येईना. सगळे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते आणि तरी कोणाला काही समजत नव्हतं.

तुम्ही मात्र एका काठावर, तुमच्या शेजारच्या मागावरचे देवाजीकाका डोहाच्या पलीकडच्या काठावर, आणि दोघांच्या निवांत गप्पा चालल्या होत्या. ओठ हलत होते. मधून मधून हात उठत होता, एखादं बोट गालाला लागत होतं. मग देवाजीकाका पोट धरून हसले, आणि तुम्ही इकडं मांडीवर थाप मारली. मी पाहतच राहिले. आत्याबाई माझ्या कानात ओरडल्या, "मिलचं बोलनं हाय ते. मागाच्या आवाजात काय आयकू येते? मंग असेच बोलतात मेले."

मला मीठ हवं होतं. मिठाची पुडी तुमच्याजवळ. मी हात हलवले तर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून ओठांनी विचारलंत, "काय पायजे? मीठ?" मीही आवाज न काढता म्हटलं, "हो. अन् तूप." तुम्ही ताडकन उठून उभे राहिलात. "अरे, इले येते!" हे मात्र तुम्ही खऱ्या आवाजात ओरडलात, आणि धबधब्यावरूनही सगळ्यांना ऐकू गेलं.

मला काही येत नव्हतं, मामाजी. मी फक्त हळू बोलणारी होते. पण त्या दिवशी तुम्ही मला शेजारी बसवून घेतलंत. जॉबर, म्हणजे मुकादम, आला तर मिशीवरून बोट, चहाला अंगठा ओठाशी, सूत तुटलं तर दोन बोटं फाकवायची. बाकी सगळं ओठांवर. तेव्हाच तुम्ही म्हणालात, "धबधब्यापाशी सगळेच बहिरे. इथं मी कोनापेक्षा कमी नाई." पुढं दर वर्षी तिथं पोचलो की तुम्ही हे एकदा म्हणायचातच.

त्यानंतर आपलं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत. मी शाळेत मराठी शिकवते. दिवसभर साठ पोरांवर ओरडून घशाची चाळणी होते. घरी आल्यावर आवाज न काढता बोलायला मिळणं हे केवढं सुख होतं, ते मलाच माहीत. तुम्ही खाटेवर, मी ओट्यापाशी, मध्ये अख्खी खोली, आणि आपल्या गप्पा. पाहुणे आले की तर विचारूच नका. शोभावन्संचे यजमान सोफ्यावर बसून स्वतःच्या बदलीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगायचे आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं, एकही आवाज न काढता, त्यांच्या पुढच्या वाक्याचा अंदाज मला सांगायचात. तो बरोबर निघायचा. मला हसू आवरेना की मी पाणी आणायला पळायचे. आत्याबाई रुसायच्या. त्यांनी हे बोलणं शिकायला साफ नकार दिला होता. "मी काई मिलमदी नाई गेली. माह्याशी मानसावानी बोला." तुम्ही त्यांच्याशी माणसासारखं बोलायचात, म्हणजे ओरडून.

आणि विजय. आपण बोलायला लागलो की तो ताटात पाहायचा. ताट नसलं तर मोबाईलमध्ये. आपण दोघं त्याला गुपचूप 'साहेब' म्हणायचो. एकदा मी तुम्हाला विचारलं, ह्यांना कसं येत नाही? ह्यांच्यासमोरच तर तुम्ही आयुष्यभर असं बोललात. तुम्ही म्हणालात, "त्याले नाई आवडत." बस, एवढंच. आत्याबाई गेल्यावर मात्र एकदा, बाहेरच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा, तुम्ही चक्क तोंडानं बोललात. आपल्या दोघांत तुम्ही सहसा आवाज वापरत नव्हतात. "बाई," तुम्ही म्हणालात, "माह्यं पोरगं माह्याशी बोललंच नाई. मी बी नाई बोललो. त्याले माह्यं काईच समजत नाई अन् मले त्याचं. एका घरात राहून राहिलो, बस." मी तुमच्या हातावर हात ठेवला आणि आपण रस्त्यावरची माणसं पाहत बसलो.

हेच ते तिसरं भांडण. ते माझं आणि विजयचं. मी त्याला एकदा सुनावलं, सख्ख्या बापाशी दोन शब्द बोलायला तुम्हाला काय जड जातं? तो म्हणाला, "बोलतात ना ते तुह्याशी. पुरे हाय." आणि चप्पल घालून बाहेर गेला. मी त्याला मनातल्या मनात दगड म्हटलं. तुमच्याजवळही म्हटलं. तुम्ही हसला नाहीत.

यंदा उन्हाळ्यात देवाजीकाका गेले. विणाई खात्यातले तुम्ही शेवटचे उरलात. खोकला वाढला होता. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, ही गिरणीतल्या कापसाच्या तुसाची जुनी देणगी आहे, फुप्फुसं थकली आहेत, जिने चढू देऊ नका, थंडीत भिजू देऊ नका. आणि श्रावण लागला तसा तुम्ही हट्ट धरलात. धबधब्यावर जायचं. मारबतीनंतर नाही, आत्ताच. "मारबतीपर्यंत मी राहतो का नाई, कोनाले मालूम?"

विजय जेवताना नाही म्हणाला. त्या दिवशी त्यानं आवाज चढवला, तुम्हालाही पहिल्या फटक्यात ऐकू गेला. "नाही म्हणजे नाही, बाबा. डॉक्टर काय म्हणाले, आयकलं ना?" तुम्ही मान हलवलीत आणि भाकरी मोडलीत. मग त्याची मान ताटाकडे वळल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"परवा त्याची पयली पाळी हाय. तो गेला का आपन जाऊ."

"दगड निसरडे झाले असतील, मामाजी."

"मी खालीच बसन. नाई चढत कुठी."

"पाऊस आला तर?"

"आला तर भिजू."

तुमच्या चेहऱ्यावर अशी काही अजिजी होती की मी "बरं" म्हटलं. ओठांनीच. विजयनं वाटी पुढं करून वरण मागितलं, मी वाढलं.

आपण गेलो. सावनेरच्या पुढं मी कधी गाडी नेली नव्हती, घाटात हाताला घाम सुटला होता, आणि तुम्ही शेजारी बसून मला ट्रककडे बोट दाखवत होतात, जणू मला तो दिसतच नव्हता. उतरताना दर दहा पावलांना थांबलो. खाली पोचलो तर धबधबा भरून कोसळत होता, तुषार अंगावर येत होते, आणि तुम्ही एका सपाट दगडावर टेकलात. मी डबा उघडला. तुम्ही गार पोळीकडे पाहून तोंड वाकडं केलंत. मग डोहाच्या पलीकडं पाहत बसलात. डबा बाजूला सरकवून म्हणालात, "तिकडं कोनीच नाई आता."

मला ते सहन झालं नाही. मी साडी खोचली आणि दगडांवरून, गुडघाभर पाण्यातून, पलीकडं गेले. देवाजीकाका बसायचे तिथं जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "बोला, काय म्हणता?" तुम्ही हसलात. खूप दिवसांनी तसे हसलात. मग आपण पाण्याच्या दोन काठांवरून किती बोललो. काय बोललो, तर काहीच नाही. रोडगे जळाले होते तो पावसाळा. देवाजीकाकांचा एक जोडा वाहून गेला होता ती गोष्ट. आत्याबाईंनी रागानं वरणाचं पातेलं पालथं केलं होतं तो दिवस. मग पाऊस आला. मी परत यायला निघाले तेव्हा तुम्ही हात उचलून मला थांबवलंत आणि शेवटचं म्हणालात, "तिथं विज्या उभा राह्यला असता, तर बरं झालं असतं."

परतीच्या वाटेत तुम्ही गाडीत झोपलात. खोकला वाढला. तान्ह्या पोळ्याला तुम्ही ओट्यावर बसून लहान पोरांचे लाकडी बैल पाहिलेत, प्रत्येक पोराच्या हातावर काहीतरी ठेवलंत. गणपती उठले आणि मग तुम्ही गेलात.

तेरवीला शोभावन्सं सगळ्यांसमोर बोलल्या. "डॉक्टर नाही म्हणत होते. तरी बाबांना पावसात दगडाधोंड्यात नेलं. कोणाची हौस होती, तिलाच विचारा." मी विजयकडे पाहिलं. तो पत्रावळी मांडत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि पुढची पत्रावळ मांडली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

मामाजी, तुम्हाला नेल्याचं मला वाईट वाटत नाही. हे मी शोभावन्संनाही सांगेन आणि यमालाही सांगेन. पुन्हा मागितलंत तर पुन्हा नेईन. पण त्यानंतर घरात आम्ही दोघंच, आणि तो माझ्याशी दूध, किल्ली, गॅस याच्यापलीकडं बोलेना. माझ्याकडे पाहीना. मला जगाचं काही नव्हतं. याच्या मनात काय आहे, हा मला दोषी धरतो का, एवढंच मला हवं होतं. आणि विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? मग उरलेलं आयुष्य मी याच्याबरोबर कशी काढणार होते? तुमच्या रिकाम्या खाटेकडे पाहून मी रोज ओठांनी तुम्हालाच विचारत होते, सांगा, काय करू.

तर काल. सावनेरपुढं शेतांत सोयाबीनचे ढीग पडले होते, कापूस नुकता फुटायला लागला होता. घाटात ऊन स्वच्छ होतं. खाली फार माणसं नव्हती. पाणी श्रावणातल्यापेक्षा कमी झालं आहे, पण आवाज अजून तसाच आहे. मी इकडच्या काठावर टेकले. विजय थांबला नाही. पँट दुमडून तो पाण्यात उतरला आणि पलीकडं जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, आता हा वळेल तेव्हा जे काय बोलायचं ते बोलेल आणि मला या आवाजात ऐकूही येणार नाही.

तो वळला. त्याचे ओठ हलायला लागले. आधी वाटलं ओरडतो आहे. मग लक्षात आलं, मानेच्या शिरा ताणलेल्या नाहीत. तोंड सावकाश, एकेक अक्षर सुटं. अगदी तुमच्यासारखं.

"दिसून राहिलं का तुले, मी काय बोलून राहिलो ते?"

मी कसंबसं म्हटलं, "दिसते."

"मले येते. पयलेपासून येते."

मग त्यानं सांगितलं. तुमचा दुपारचा डबा घेऊन तो गिरणीवर यायचा, आणि तुम्ही शेडच्या दारातून, इतक्या लांबून, त्याच्याशी बोलायचात. अक्षरं गिरवायच्या आधी तो हे शिकला होता. मग शाळेतली पोरं एकदा फाटकापाशी होती. त्यांनी तुमच्या तोंडाची नक्कल केली, मासा, मासा म्हणून ओरडले. संध्याकाळी त्यानं तुम्हाला सांगितलं, पोट्ट्यायसमोर असं तोंड नका करत जाऊ. तुम्ही म्हणालात, बरं. आणि तुम्ही पुन्हा कधीच त्याच्याशी तसं बोलला नाहीत. पोरांसमोर नाही, घरातही नाही.

"मी तेवढं पोट्ट्यायसमोर म्हटलं होतं," तो म्हणाला. "बाबानं सगळंच बंद केलं. मले वाटे, आज सुरू करतीन, उद्या करतीन. मंग मोठा झालो, अन् मले मांगता नाई आलं."

तुम्हाला वाटत राहिलं, त्याले नाई आवडत. त्याला वाटत राहिलं, बाबा रागावले. एका घरात, मामाजी.

"मग मी आणि मामाजी जेवताना जे बोलायचो..." मी विचारलं.

"सगळं दिसे मले. साहेब म्हनत होते ना तुमी दोघं मले? दगड बी म्हटलं तू." त्याच्या तोंडावर जरासं हसू आलं. मला लाजेनं कुठं पाहावं कळेना. मग ते हसू गेलं आणि तो म्हणाला, "त्या दिवशीचं बी पाह्यलं. परवा पयली पाळी हाय, तो गेला का आपन जाऊ. पाह्यलं अन् वरन मांगतलं."

मी दगडावरून उठून उभी राहिले.

"मले अडवता आलं असतं. नाई अडवलं. त्यायले यायचं होतं इथं. मी घेऊन येतो म्हनाची माही हिंमत नाई झाली, तर तू आनून राहिली होती, म्हून गप बसलो. मंग शोभा बोलली तवा मले सांगाले पायजे होतं, मले मालूम होतं म्हून. माह्या तोंडातून आवाजच नाई निघाला. तू माह्याकडे पाहे, अन् मले तुह्याकडे पाहाले नाई जमे. मी तुह्यावर नाई रागावलो. एक दिवस बी नाई."

मी रडले. मोठ्यानं, गळा काढून. तिथं त्याचं काही नसतं, कोणाला ऐकू जात नाही. महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि त्याच्या जागी तुमची आठवण एवढी दाटून आली की वाटलं, आत्ता, या क्षणी हा म्हातारा इथं हवा होता.

तर हे सांगायचं होतं. तुम्ही म्हणालात, त्याले माह्यं काईच समजत नाई. त्याला सगळं समजत होतं. रात्रपाळी करून आल्यावर तो नीट झोपत नाही म्हणून तुम्ही माझ्याजवळ काळजी करायचात, ती त्यानं पाहिली. त्याचं प्रमोशन हुकलं तेव्हा तुम्ही म्हणालात की माह्या पोराएवढा इमानदार मानूस त्या कारखान्यात नाई, तेही त्यानं भात कालवता कालवता पाहिलं. तुम्ही माझ्याशी बोलत होतात आणि ते त्याच्यापर्यंत पोचत होतं. मी मध्ये बसलेली होते, एवढंच. तो ताटात पाहायचा असं मला वाटायचं. कसा पाहत होता कोण जाणे, पण काल त्यानं तुमची वाक्यंच्या वाक्यं मला म्हणून दाखवली, तुमच्याच हातवाऱ्यांसकट.

उन्हं उतरायला लागली तशी मी खूण केली, निघू या. तो थांब म्हणाला. मग तो धबधब्याकडे वळला. माझ्याकडे त्याची एक बाजू होती, ओठ मला स्पष्ट दिसत होते. ते पुन्हा हलायला लागले. या वेळी माझ्यासाठी नाही. पहिला शब्द मला दिसला, तो 'बाबा' होता.

या बोलण्यात पाहणं म्हणजेच ऐकणं. ज्याला ऐकायचं नाही, त्याला तोंड फिरवावं लागतं. मी तोंड फिरवलं, आणि त्याचं बोलून होईपर्यंत वर रस्त्याकडे पाहत बसून राहिले.